करड्या फौजेचे कैदी

बेकरीची भट्टी फुटली तेव्हा मिस्त्री ओतकामाच्या कारखान्यात साच्यात वाळू ठोकत होता. फोन आला तसा तो वाळूच्या हातांनीच शवागाराकडे निघाला. तिथल्या माणसानं त्याला दारातच सांगून टाकलं, "तोंडावरची चादर काढू नका. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही."

स्फोटाच्या वेळी भट्टीपाशी चौघी कामाला होत्या. चारही चादरींखालून एकेक हात तेवढा बाहेर काढून ठेवला होता. दुसऱ्या चादरीपाशी मिस्त्री थांबला. त्या हाताची दोन बोटं नव्हती, पण अंगठा शाबूत होता आणि त्याच्या नखावर केसाएवढ्या बारीक लाल रेघा होत्या.

"नेलपॉलिश?" पोलिसानं विचारलं.

"नाही. शिपायांचा रंग आहे. ब्रशला टोक आलं का ते ती नखावर बघायची."

पोलिसाला काही कळलं नाही, तरी त्यानं लिहून घेतलं. "नक्की तुमचीच बायको?"

"आज सकाळीच तिनं निशाण पुरं केलं," मिस्त्री म्हणाला. "तिसऱ्या पलटणीचं." आणि भिंतीला पाठ घासत तो खाली बसला.

भट्टीच्या बॉयलरची झडप सारखी उघडते, वाफ फुकट जाते, म्हणून बेकरीच्या मालकानं ती तारेनं बांधून टाकली होती. हे सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. स्फोट झाला तेव्हा मालक बाहेर गेला होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्री तीन दिवस हातभर लोखंडी सळई घेऊन बेकरीसमोरच्या फुटपाथवर उभा राहिला. चौथ्या दिवशी रखवालदार रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "बाबा, तो गाव सोडून गेला. तू घरी जा." मिस्त्री घरी गेला. पण डोक्यात त्यानं त्या माणसाला रोज मारलं. कधी सळईनं, कधी हातांनी. कधी त्यालाच झडपेला तारेनं बांधून खाली जाळ लावला.

आता लढाईच्या खेळाचं सांगायला हवं.

मिस्त्रीच्या घरात दोन खोल्या. आतल्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर एक जुना दरवाजा आडवा टाकून त्यानं टेबल केलं होतं. त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, निळ्या रंगाची नदी, नदीवर काड्यांचा पूल. मिस्त्री शिसं आणि कथील वितळवून बोटाच्या पेराएवढे शिपाई ओतायचा. बायकोची लाल फौज आणि तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे मेहुण्याची, करडी. मेहुणा बस चालवायचा आणि रविवारी दुपारी न चुकता हजर व्हायचा. वर्षाच्या पहिल्या रविवारी मोहीम सुरू व्हायची, शेवटच्या रविवारी संपायची. फासे टाकायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं, आणि मेलेला शिपाई डब्यात. त्या वर्षात तो पुन्हा उठायचा नाही.

मिस्त्री पंच होता आणि कायदे त्याचे होते. रंगवल्याशिवाय शिपाई मैदानात येणार नाही. ज्याची फौज त्यानंच रंगवायची. शरण आलेल्यावर फासा टाकायचा नाही, त्याला कैद करायचं, आणि कैदी पकडणाऱ्याच्या ताब्यात राहतील. शेवटच्या रविवारी हजेरी. त्या दिवशी मेलेले, पकडलेले, सगळे परत टेबलावर उभे करायचे आणि कोण कुठे पडला ते वर्षभराचं एकमेकांना सांगायचं. बायकोला या हजेरीचाच खरा नाद होता.

ती लढायची जपून. एक शिपाई जाणार असेल तरी दहादा विचार करायची. मेहुणा उलटा, डोकं खाली घालून घुसणारा.

"चाळीस घालवलेस एका उताराखातर," उन्हाळ्यातल्या एका रविवारी ती त्याला म्हणाली होती. "यांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडतील."

"ताई, सैन्य मरायलाच असतं."

"बस पण अशीच चालवतोस का? मग मी आपली पायी जाईन."

मिस्त्री हसला होता. मेहुणाही. ती हसली नाही, कारण ती फासे मोजत होती.

ती गेल्यावर सहा रविवार टेबलावर चादर पडून होती. सातव्या रविवारी मेहुणा आला, चप्पल काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजी, मोहीम अर्धी टाकू नये. ताईला आवडलं नसतं. तिची फौज तुम्ही चालवा."

मिस्त्रीनं चादर काढली. दोनशे बारा लाल शिपाई उभे होते. प्रत्येकाच्या पट्ट्याला बक्कल होतं, प्रत्येकाच्या डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तिच्या हातचं घरात दुसरं काय राहिलं होतं? साड्या दुकानातून आलेल्या, भांडी लग्नातली. हातांनी केलेलं म्हणावं ते एवढंच. मिस्त्रीनं तिथंच ठरवलं, यातला एकही कमी होऊ द्यायचा नाही, कुणाच्या रंगाचा टवकाही उडू द्यायचा नाही. तिचं काम जपायचं. आणि करडे संपवायचे.

"पंच कोण?" त्यानं विचारलं.

"कायदे पाठ आहेत की दोघांना."

टेबलावर रक्त सांडत नाही. शिपाई आडवा होतो आणि डब्यात जातो, बस. पण मिस्त्रीला आता सगळं दिसत होतं. पहिल्याच रविवारी त्यानं टेकडीवर तोफा चढवल्या आणि करड्यांना नदीच्या काठावर गाठलं. मेहुण्यानं आपले सहा शिपाई आडवे केले. मिस्त्रीला दिसले ते जबडा उडालेले, पोट धरून चिखलात गुडघ्यावर बसलेले, शेजाऱ्याचा तुटलेला हात हातात घेऊन बघत राहिलेले. चादरीखाली काय असेल ते त्यानं पाहिलं नव्हतं. ते आता तो इथे बघत होता, आणि त्याला बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी त्यानं फळबागेच्या भिंतीआड लपलेली तुकडी पेटवून दिली. आग लावण्याचा कायदा होता, पण बायकोनं तो कधी वापरला नव्हता. चौदा करडे भिंतीच्या आत जळाले. बाहेर पडणाऱ्यांना त्यानं दारातच संगिनींवर घेतलं.

"भावोजी, बाग तर आपण जिंकलीच होती," मेहुणा म्हणाला. "तुम्ही, म्हणजे."

"फासा टाक."

"टाकतो. पण पाणी तरी प्या. तोंड बघा कसं झालंय."

"तू माझं तोंड बघू नकोस. तुझी डावी बाजू बघ."

मेहुण्यानं डावी बाजू पाहिली. तिथून लाल घोडदळ येत होतं. दुपार उतरायच्या आत डब्यात आणखी तीस गेले.

असे रविवार चालले. मिस्त्री कामावर जायचा, भट्टीपुढे उभा राहायचा, आणि आठवडाभर पुढच्या कत्तलीचा बेत करायचा. करड्यांचा सरदार घोड्यावर होता. मिस्त्रीच्या मनात त्याला बेकरीच्या मालकाचं तोंड चिकटलं होतं. त्यानं त्याला सातव्या लढाईत एकटं पाडलं, घोडा मारला, आणि पायदळाकडून भोसकवलं. मेहुण्यानं सरदार उचलून डब्यात ठेवला तो दोन बोटांनी, हळू, जसं काही त्याला अजून दुखत होतं.

वर्ष संपायला तीन आठवडे राहिले तेव्हा पुलाची लढाई झाली. करडे एकोणपन्नास उरले होते. मिस्त्रीनं पुलाच्या दोन्ही तोंडांना तोफा लावल्या आणि तोफांत गोळ्याऐवजी खिळे भरले. पूल भरलेला होता. पुढचे मागे पळाले, मागचे पुढे ढकलत होते, मधले कठड्यावरून पडत होते. एकतीस गेले. राहिलेल्या अठरांना मेहुण्यानं बंदुका टाकायला लावल्या.

"शरण," तो म्हणाला.

"फासा टाक."

"शरण आलेत, भावोजी. शरण आलेल्यावर फासा नाही. तुमचाच कायदा आहे."

मिस्त्रीनं मुठीतले फासे टेबलावर ठेवले. मग त्यानं अठरा करडे उचलून जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकले. एकमेकांवर आपटून वाजले. लाल शिपाई तो नेहमी एकेक करून कापसात ठेवायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात कुणी नव्हतं. मिस्त्रीनं छोटी मूस भट्टीवर ठेवली आणि डबा उपडा केला. शिशाला फार आच लागत नाही. आधी रंगाला फोड आले आणि जळक्या केसांसारखा वास सुटला. मग खालचे पायांपासून खचायला लागले. गुडघे गेले, कमरा गेल्या. वर एक-दोन डोकी तरंगत राहिली, मग तीही. मिस्त्री वाकून बघत होता. बेकरीच्या मालकाचं जे करता आलं नाही ते हे, असं त्याला वाटलं. त्यानं वितळलेलं साच्यात ओतलं, आणि थंड झाल्यावर ती लगड आपल्या बाकाखाली टाकली.

शेवटच्या रविवारी मेहुणा धुतलेला शर्ट घालून आला. त्यानं आपला डबा उघडून मेलेले करडे ओळीनं उभे केले. मिस्त्रीनं लाल लावले. बायको होती तोवर पडलेले एकोणतीस, नंतर पडलेला एकही नाही.

"हा उतारावर गेला," मेहुणा सांगू लागला. "ताई त्याच्या आईबद्दल बोलली होती तो. हे बागेतले. हा सरदार." तो थांबला. "पुलावरचे अठरा आणा आता."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे? घरात कुठे ठेवलेत?"

"वितळवले."

मेहुण्याला आधी थट्टाच वाटली. तो हसलासुद्धा. मग त्यानं मिस्त्रीचं तोंड पाहिलं.

"कैद्यांना?" तो म्हणाला.

"शत्रू होते."

मेहुण्यानं टेबलावरून वाकून त्याच्या कानाखाली मारली. मिस्त्री मागच्या कपाटावर आपटला आणि तिथूनच उसळून त्याच्या अंगावर गेला. तीन महिने ज्याच्यासाठी तो जगला होता ते आता हातात आलं होतं, मऊ, गरम, श्वास घेणारं. त्यानं मेहुण्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मेहुण्यानं गुडघा मारला. दोघे बाहेरच्या खोलीत पडले, स्टूल मोडलं, आरसा फुटला. मिस्त्री वर आला. त्यानं ठोसा मारला तसा मेहुण्याचा पुढचा दात तुटून त्याच्या बोटात रुतला. मग त्यानं दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. रोज वाळू ठोकणारे हात ते. मेहुण्याचं तोंड लाल झालं, मग काळपट. तो काहीतरी बोलत होता. मिस्त्रीला ते ऐकायचं नव्हतं, पण त्यात ताई हा शब्द होता, आणि त्या शब्दावर त्याची पकड सुटली.

मेहुणा कितीतरी वेळ खोकत राहिला. रक्त थुंकला.

"चेहरे ताईनं केले होते," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. माझे. मी कोट रंगवायचो. चेहरे मला कधी जमले नाहीत, बटाट्यासारखे व्हायचे. तुम्ही दुपारी कामावर असलात की मी आणून द्यायचो. ती म्हणायची, तुझ्या भावोजींना सांगू नकोस, ते पंच आहेत, तुझी फौज बाद करतील."

मिस्त्री उठून आत गेला. कपाटाच्या खणात तिचं भिंग होतं. त्यानं ओळीतला एक करडा उचलून भिंगाखाली धरला. वर्षभर त्यानं करड्यांचे कोट पाहिले होते, टोप्या पाहिल्या होत्या, पाठी पाहिल्या होत्या. तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. खालच्या ओठाखाली तपकिरी सावली होती. त्यानं दुसरा उचलला. तिसरा उचलला. सरदाराच्या गालावर तिनं देवीचे व्रणसुद्धा काढले होते. मेहुणा दाराशी उभा राहून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता.

"त्या अठरांत एक म्हातारा होता," तो म्हणाला. "त्याच्या मिशा करायला तिला दोन दुपार लागल्या."

मिस्त्रीनं भिंग खाली ठेवलं. "दवाखान्यात चल," तो म्हणाला. "दात बघू दे."

मेहुणा चालला. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मेहुणा म्हणाला, जिन्यावरून पडलो. आणि मिस्त्रीच्या बोटाला टाके घालायची वेळ आली तेव्हा म्हणाला, हे मला धरायला आले आणि हेपण पडले. डॉक्टरनं दोघांकडे पाहिलं आणि टाके घातले.

बोट बरं झाल्यावर मिस्त्रीनं बाकाखालची लगड काढली, वितळवली, आणि जुन्या साच्यांतून अठरा शिपाई पुन्हा ओतले. धातू पुरला, वर थोडा उरलाही. कडा त्यानं कानशीनं घासल्या. मेहुणा दोन रविवार आला आणि त्यानं कोट रंगवले. पट्टे, बूट, बंदुका मिस्त्रीनं केल्या. मग एका चेहऱ्याला त्यानं हात घातला. नऊ वेळा रंगवला आणि नऊ वेळा थिनरनं पुसला. मेहुण्यानं एक करून पाहिला, तो बटाट्यासारखा झाला, तोही पुसला.

नवी मोहीम सुरू झालेली नाही. जुनीची हजेरी अर्धीच राहिली आहे. अठरा शिपाई टेबलावर उभे आहेत. त्यांचे चेहरे व्हायचे आहेत.