अठरा वितींचं स्वयंपाकघर

आमचं स्वयंपाकघर मोजलं की एका वितीनं आखडतं. आवाज होत नाही, माती पडत नाही. मोजणारा जागीच असतो, समोरची भिंत तेवढी जवळ येते.

पहिल्यांदा मोजलं दादू गवंड्यानं, ओट्यावर कडप्पा बसवायला. फरशी कापून आणली तर वीतभर जास्त. पुन्हा टेप लावली, पुन्हा कापली, पुन्हा जास्त.

"काकी, टेप खोटी निघाली."

"टेपला कशाला बोल लावतोस? हात तुझे खोटे," म्हणत मी पदर खोचला आणि स्वतःच्या वितीनं मोजायला घेतलं. धान्य मोजताना आम्ही पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. एक म्हटलं की एकच उरतं. घरही मी तसंच मोजलं. लाभ, दोन, तीन... सोळा भरल्या. चाळीस वर्षं अठरा होत्या. सोळा म्हणेपर्यंत पंधरा झाल्या.

माझी सून शर्मिला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं वही आणली.

"आत्याबाई, एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची."

तिनं तीनदा मोजलं. बारा उरल्या. बाई खूश.

"नियम सापडला!"

"तुला नियम सापडला. माझी मांडणी कुठाय?"

मांडणी भिंतीत गेली होती, हंड्याकळशीसकट. शर्मिलानं वही मिटली आणि ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

"बाहेर या. आता कुणीच मोजायचं नाही. नाही मोजलं तर आहे तेवढं राहील."

"मग किती राहिलं ते कळणार कसं?"

"कळणार नाही."

"हे शिकवतेस होय पोरांना?"

मी दुसरी नापास. पण या घरातलं हौसाबाईला कळत नाही, असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नाही. तिचा नियम चुकीचा आहे हे दाखवायला मी एकदा मोजलं. मग माझं मोजणं चुकलं का ते बघायला आणखी एकदा. दहा उरल्या. शेगडी गेली.

तेव्हा मी दाराकडे पाहिलं. यातून मावेन का, असा नुसता मनात अंदाज घेतला, आणि दार वीतभर अरुंद झालं.

"अंदाज घेऊ नका, आत्याबाई! डोळे मिटा आणि सरळ चालत या."

मिटले. पण वीज गेली तरी ज्या घरात माझा हात मिठाच्या बरणीवर चुकला नाही, तिथे डोळे मिटून काय होणार? उंबरा चार पावलं, हे पायाला ठाऊक होतं. पाय उचलण्याआधीच पायानं मोजलं. पाठीला भिंत लागली. त्यानंतर किती वेळा डोळे मिटले आणि उघडले ते सांगत नाही. मोजावं लागेल.

"विसरा," शर्मिला फटीतून म्हणाली.

"काय विसरू?"

"घर. कुठे काय आहे ते सगळं."

"तू विसर. तुला येऊन सहा वर्षं झालीत."

ती रडत होती. फटीतून तिनं हात आत घातला. "माझा हात धरा. काही बघू नका, नुसता धरा."

मी धरला. गरम होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच धरला असेल.

"पोचला का गं नीट आत?" मी विचारलं.

"हो, कोपरापर्यंत," ती सवयीनं बोलून गेली.

फट आवळली. तिनं किंचाळून हात ओढून घेतला. बांगडी माझ्या बाजूला पडली, फुटली नाही. दाराच्या जागी आता उजेडाची एक रेघ आहे.

मी अंग चोरून उभी आहे. कपाळ एका भिंतीला, पाठ दुसरीला.

"आत्याबाई, किती जागा आहे तिथे?" बाहेरून आवाज आला, आणि लगेच, "नको! सांगू नका! तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ!"

सुनेनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही, असं या घरात झालेलं नाही. मी अंगठा एका भिंतीला टेकवला, करंगळी ताणली. दुसऱ्या भिंतीला बरोबर लागली.

"लाभ," मी म्हणाले.