एक मजला

बायको पोट कापून घ्यायला दोन दिवसांच्या प्रवासाला निघालेली, आणि नवरा स्टेशनावर सोडायला आला तो खिशात हातोडी घेऊन. बरं, आला तो आला, गाडी हलेपर्यंत तरी थांबावं की नाही? तेही नाही. खिडकीतून पाण्याची बाटली आत सरकवली, "जपून" एवढा एक शब्द खर्च केला, आणि कोणाचा तरी सोफा पोचवायचाय म्हणून पाठ फिरवून चालता झाला.

मुकादमबाईंनी हे गाऱ्हाणं गाडी सुटल्यापासून सुनेच्या कानाशी लावलं ते उतरायचं स्टेशन आलं तरी संपलं नव्हतं.

"जपून म्हणे. मी काय काचेचं सामान आहे?"

"अहो आई, पण बाबा आले होते ना सोडायला," सून म्हणाली.

"हातोडी आली होती. तिच्या मागोमाग हे आले."

मुकादमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीत कोणी भिंत रंगवो की गटार उपसो, या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि काम कसं करायचं ते सांगायच्या. त्यावरून नाव पडलं. लोक ते तोंडावर घेत आणि बाईंना ते आवडे. नवऱ्याला सगळे कारागीर म्हणत. जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून नव्याने भरायचे, असा दोघांचा धंदा. कारागीर सांगाडा ठोकायचे, स्प्रिंगा बांधायचे, काथ्या नि स्पंज भरायचे. बाई कापड बेतून मशीनवर कव्हरं शिवायच्या. कापड ठोकताना बारीक खिळे तोंडात धरायची कारागिरांना सवय, त्यामुळे लग्न झाल्यापासून या घरात दोघांच्या वाटणीचं बोलणं बाईंनाच करावं लागलं. त्यांनी त्यात काही कमी पडू दिलं नाही.

खाली दुकान आणि वर राहायची खोली, मध्ये एक उभा अरुंद जिना. मुलगा-सून पलीकडच्या गल्लीत वेगळे राहत. आधी गुडघे बोलायला लागले, मग वजन वाढलं म्हणून गुडघे आणखी बोलायला लागले, आणि गुडघे बोलतात म्हणून हालचाल गेली आणि वजन आणखी चढलं. शेवटी एक दिवस बाई अर्ध्या जिन्यात अडकल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मुलाने आणि शेजारच्या सायकलवाल्याने धरून खाली आणलं. त्या दिवसापासून दुकानात मशीनच्या शेजारी एक कॉट पडली आणि बाई खालच्या झाल्या. कारागीर वरच राहिले.

याला तीन वर्षं झाली.

बाईंनी एकदाच, हातातल्या कापडावरून नजर न काढता म्हटलं होतं, "तुम्ही पण या की खाली." कारागिरांनी तोंडातले खिळे काढले आणि म्हणाले, "पलंग उतरत नाही जिन्यातून." ते खरंही होतं. तो पलंग त्यांनी लग्नाच्या वर्षी लाकूड वर नेऊन वरच जोडला होता. बाई "बरं" म्हणाल्या. पुन्हा विषय काढला असता तर त्या मुकादमबाई कसल्या? पण दिवे मालवले की त्यांचे कान छताला लागत. आधी डावं पाऊल, मग जरा जड असं उजवं. मग पलंग करकरायचा. तो कोणत्या कुशीवर करकरला, हेही त्यांना कळे. कारागीर बाईंच्या रिकाम्या जागेकडे वळले असतील तर त्यांना उगाच बरं वाटे, आणि भिंतीकडे वळले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरांना चहा गार मिळे. त्याचं कारण त्यांना कधीच कळलं नाही.

हाडांचा डॉक्टर म्हणाला, गुडघे बदलू, पण आधी वजन उतरवा; या वजनाखाली नवे गुडघेही टिकायचे नाहीत. बाईंनी चालून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. काटा जागचा हलला नाही. मग सुनेने तिच्या ऑफिसात विचारून विचारून हे लांबचं इस्पितळ शोधलं. जवळपास हे ऑपरेशन कोणी करत नव्हतं. "जठराची पिशवी लहान करतात," सुनेने समजावलं. बाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे उसवून, कापून, मापात शिवायची. मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" गल्लीत मात्र त्यांनी गुडघे दाखवायला चालले एवढंच सांगितलं. आपलं पोट ही काही चव्हाट्यावरची गोष्ट नाही.

इस्पितळात ऑपरेशनच्या आधी एक सल्ला देणारी मुलगी आली. गोड आवाजाची. तिने विचारलं, "आजी, तुम्हाला वजन का कमी करायचंय? मनापासून सांगा हं."

"आजी असेन माझ्या नातवंडांची," बाई म्हणाल्या. "जिना चढायचाय."

"किती मजले?"

"एक."

मुलीने वहीत एवढंच लिहून घेतलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पोटाला पाच छोटी भोकं, बस. पोट फुगवायला जी हवा भरतात ती मात्र खांद्यात जाऊन बसली आणि ठणकत राहिली. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालायला लावलं. औषधाच्या इवल्याशा कपातून पाणी प्यायचं, तेही घोट घोट, मध्ये थांबून. बाई म्हणाल्या, "चिमणीसुद्धा यापेक्षा जास्त पिते." नर्स हसली, पण दुसरा कप दिला नाही.

शेजारच्या खाटेवर एक बँकेत नोकरी करणारी बाई होती. तिचा नवरा भेटीच्या वेळात तिच्या उशाशी बसून असायचा. कप धरायचा, ओठ पुसायचा, उशी सारखी करायचा, आणि ती डोळे मिटून पडली की तिच्या पायाचा अंगठा धरून बसायचा. काही करायचा नाही, नुसता धरायचा.

"एवढं कुरवाळलं तर माणूस बरं कशाला होईल?" बाई सुनेच्या कानात म्हणाल्या. "नवरा आहे की उशीचा अभ्रा?"

"मग तुम्ही तिकडे बघता कशाला सारख्या?"

"खिडकी त्या बाजूला आहे."

खिडकीबाहेर पाण्याची टाकी आणि एक कबुतर. बाई त्या अंगठ्याकडेच बघत होत्या. आपल्या पायाला असं कोणी कधी धरलं का, ते आठवत होत्या. अंगठा नाही. पण अर्ध्या जिन्यात अडकल्या त्या दिवशी मुलगा आणि सायकलवाला येईपर्यंत कारागीर दोन पायऱ्या खाली उभे होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या पोटऱ्या घट्ट धरल्या होत्या. तोंडात खिळे होते म्हणून काही बोलले नाहीत. नंतर पोटऱ्यांवर बोटं उमटली होती. ती निळी बोटं फिकी होत गेली तसं बाईंना वाईट वाटत गेलं होतं.

इस्पितळातून सोडल्यावर लगेच लांबचा प्रवास करायचा नाही, पायात रक्त गोठतं म्हणे. म्हणून जवळच्याच लॉजमध्ये आठवडाभर खोली घेतली. खोलीत दोन खाटा आणि एक शेगडी. सून त्यावर सूप उकळून गाळून द्यायची. बाईंनी पायात घट्ट मोजे चढवायचे आणि तासातासाने व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. भूक अशी लागत नव्हतीच. पण पोट गप्प झाल्यावर बाकीचं सगळं बोलायला लागलं. नाकाला डिंकाचा वास हवा होता. बोटांना कापडाची कड हवी होती. वरच्या मजल्यावर कोणी प्रवासी राहायला होता, तो बूट घालून येरझाऱ्या घालायचा. बाई छताकडे बघत पडायच्या. चाल परक्याची होती. दोन्ही पावलं सारखीच जड.

"याला कोणी सांगा बूट काढ म्हणावं."

"आई, त्याचा काय त्रास आहे तुम्हाला?"

"त्रास नाही. चुकीचं चालतोय."

घरी रोज संध्याकाळी फोन लावायचा असा सुनेचा नेम. आधी मुलगा बोलायचा, मग तो फोन बापाच्या हातात द्यायचा. "बरी आहेस?" "बरी आहे." "बरं." झालं. तेवढ्या बोलण्यासाठी बाई दुपारपासून केस विंचरून बसत, आणि फोन ठेवला की सुनेला म्हणत, "भिंतीशी बोललं तर भिंतसुद्धा पोपडा तरी टाकते."

निघायचं दोन दिवसांवर आलं त्या संध्याकाळी फोनवर बाईंना एक आवाज ऐकू आला. टक, टक, टक. दुकानातला पंखा. त्याचं एक पातं केव्हापासून जाळीला लागतंय. पण ही वेळ कारागिरांची वर बसायची. मुलगा बाहेर भाजी घ्यायला गेला होता, म्हणून सुनेने आज फोन थेट त्यांनाच लावला होता.

"कुठे बसलाय?"

"घरात."

"घर काय राजवाडा आहे? वर की खाली?"

"खाली."

"काम राहिलंय?"

"नाही."

"मग खाली काय करताय?"

पलीकडे खिळे तळहातावर पडल्याचा बारीक खळखळाट झाला. खिळे काढले म्हणजे हा माणूस एकापेक्षा जास्त वाक्यं बोलणार.

"पलंगावर बसलोय," कारागीर म्हणाले.

"माझ्या कॉटवर?"

"नाही. पलंगावर. खाली आणला."

उभ्या असलेल्या बाई खाटेवर बसल्या. सूप गाळता गाळता सुनेचा हात थांबला.

"तो उतरत नाही जिन्यातून," बाई म्हणाल्या.

"कापला."

"काय कापला?"

"पलंग. मधोमध. खाली आणून जोडला. आतून पट्ट्या मारल्यात." आणि मग, जरा अभिमानाने, "आता करकरत नाही."

एवढ्या कामात बाईंनी एकही खोट काढली नाही. सुनेने लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदा पाहिलं.

"कधी केलंत हे?"

"तुझं ऑपरेशन होतं त्या दिवशी. फोनची वाट बघायची होती. हाताला काहीतरी हवं होतं." पंखा टकटकत राहिला. "तिकडे तुला कापत असतील, असं सारखं येत होतं डोक्यात. म्हटलं, आधी हा कापायला हवा होता. मी कापला नाही म्हणून तुला जावं लागलं."

"तीन वर्षं सुचलं नाही?"

"रोज वाटायचं, उद्या चढशील तू. पलंग हलवला तर तुला वाटेल, आता मला वर नेणारच नाहीत."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं मला काय वाटेल ते?"

"कोणी नाही. मला काय माहीत," कारागीर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "तू गेल्यापासून वर झोप येत नाही. खालून खोकलायचीस, स्वतःशी बडबडायचीस. त्यावर झोपायचो मी."

बाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि पुन्हा लावला. तीन वर्षं त्या छताला कान लावून होत्या आणि हा माणूस जमिनीला. आता पलंग खाली आला होता. परवा गाडीत बसायचं, घरी उतरायचं, दुकानात शिरलं की चार पावलांवर त्याच्या शेजारची जागा. हवं होतं ते एवढंच ना? एवढंच होतं. तरीही आत काहीतरी सलत होतं. ज्या खोलीसाठी एवढा मुलूख तुडवला, चिमणीसारखं पाणी प्यायलं, त्या खोलीत आता पलंगाच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या असतील. आणि खिडकी बंद असेल. हे बाहेर पडताना खिडकी लावतातच.

मग त्यांच्यातली मुकादम जागी झाली. अर्धा पलंग म्हटला तरी केवढा रुंद, आणि तो जिना केवढा.

"कापला तरी तो उतरला कसा? जिन्याला कठडा आहे."

पलीकडे पंखा.

"अहो, मी काय विचारतेय?"

"काढला," कारागीर म्हणाले.

"कठडा काढला."

"जागाच नव्हती. आणि आता वर जायचं कोणाला आहे? तुझं सगळं खालीच आणलंय."

सुनेने शेगडी बंद केली. बाईंनी एक हात पोटावरच्या पट्टीवर ठेवला, जसा त्या शिवण घट्ट बसली का ते बघायला ठेवत, आणि सावकाश बोलल्या. आवाज चढला नाही, पण व्हरांड्यातला माणूस ऐकायला थांबला.

"ऐका आता. मध्ये बोलू नका, हवे तर खिळे तोंडात ठेवा. तुम्ही दोनदा चुकलात. तेव्हा बोलावलं आणि आला नाहीत, ही एक चूक. आता न विचारता आलात, ही दुसरी. पलंग आहे तिथेच राहू दे, मी आल्यावर झोपेन त्यावर, भिंतीकडच्या बाजूला, आणि करवत कशी चालवलीत ते हात फिरवून बघेन. पण मी यायच्या आत कठडा जागेवर पाहिजे, होता त्याहून घट्ट. नवे गुडघे बसतील तेव्हा बसतील, मला वर जायचंय. खोली रिकामी असली तर असू दे. मी जाईन, खिडकी उघडेन आणि तिथून तुम्हाला हाक मारेन. तेव्हा हातातलं टाकून वर यायचं."