ऑर्गन थांबला तो रविवार

अमेरिकेतल्या मेकन गावात, आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये मी नर्स. खरी नव्हे हं, सुई बघूनच मला घेरी येते! भजन रंगलं की कुणाच्या तरी अंगात पवित्र आत्मा येतो. माणूस नाचतो, रडतो, धाडकन पडतो. त्याचं डोकं आपटू द्यायचं नाही आणि वारा घालायचा, एवढंच पांढऱ्या कपड्यातल्या आम्हा बायकांचं काम.

त्या रविवारी उकाड्याने सगळे अर्धवट झोपेत डोलत होते. रंगीत काचांमधलं निळं-तांबडं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं. कॉर्नेलियसचा ऑर्गन कुठल्या तरी डोहाच्या तळातून ऐकू येत होता. मीसुद्धा तरंगतच होते म्हणा ना. एवढ्यात क्विंटन कोसळला.

क्विंटन म्हणजे आमच्याच चर्चमधल्या अर्नेस्टीनचा थोरला मुलगा. मागे एका गोऱ्या पोलिसाने त्याची गाडी अडवली, कानशिलाला पिस्तूल लावलं, आणि मग ‘दुसरीच गाडी हवी होती, जा’ म्हणून सोडून दिलं. बस, सॉरीसुद्धा नाही! तेव्हापासून पोराची झोप उडाली. गाडीला हात लावेना, जेवेना. डॉक्टरचं नाव काढलं की अर्नेस्टीन उसळायची, “माझा मुलगा वेडा आहे का? आपल्याला येशू आहे. मनाचे डॉक्टर म्हणजे गोऱ्यांचे चोचले!” आईचा शब्द तो मोडायचा नाही. डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

तो पडला आणि चर्चला भरतं आलं. “आला! आत्मा आला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉर्नेलियसने लय वाढवली. अर्नेस्टीन हात उंचावून रडत होती, “देवा, बरं केलंस रे माझ्या लेकराला!” मी बावळटही खुशीत वारा घालत बसले.

मग मला त्याचे हात दिसले. हवेतच, न दिसणारं स्टिअरिंग गच्च धरलेलं. ओठ हलत होते. मी कान लावला.

“हात इथंच आहेत, साहेब. हात इथंच आहेत.”



“बंद कर रे तो बाजा!” मी किंचाळले. “आत्मा कसला डोंबलाचा! पोरगं भ्यायलंय!”

ऑर्गन थांबला. इतकी शांतता आमच्या चर्चने कधी ऐकली नव्हती.

“लुवेनिया,” अर्नेस्टीन कडाडली, “देवाच्या कामात नाक खुपसू नकोस!”

“देवाचं देव बघेल. तू खाली बस आणि पोराचं ऐक.”

ती बसली, रविवारच्या त्या भल्यामोठ्या हॅटसकट, फरशीवर. वाकून ऐकू लागली. हळूहळू तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

“माझे बाबा झोपेत हेच बोलायचे,” ती पुटपुटली. “अगदी हेच. आम्ही पोरं उठून बसायचो. आई म्हणायची, झोपा, बाबा प्रार्थना करतायत.”

मला रडू आवरेना.

तिने त्याचं एकेक बोट सोडवलं, दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. त्याचा श्वास संथ होईपर्यंत थोपटत राहिली.

“क्विंटन, उद्या त्या मनाच्या डॉक्टरला फोन कर,” ती म्हणाली. “आणि विचार रे, म्हाताऱ्या बायकांनाही तपासतात का.”