नकाशाच्या एकाच बाजूला

हॉटेलवाल्यांनी टेबल चुकीचं मांडलं होतं. अलीकडे भारतातून आलेल्यांच्या खुर्च्या, पलीकडे पाकिस्तानच्या, मधे दोन चिमुकले झेंडे आणि अरबी समुद्राचा नकाशा. जागृतीच्या ते दारातूनच लक्षात आलं, पण बोलायचं त्राण नव्हतं. बाबांना, भानुदासांना, जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. सत्त्याण्णव सालच्या या बैठकीत त्यांच्या जागी ती नुसती बसायला आली होती.

भानुदास समुद्र मोजणारे अधिकारी. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत मॉरिसव्हिलला लेकीकडे, जागृतीकडे आले. दोन्ही देशांतले त्यांच्यासारखेच काही निवृत्त लोक वर्षातून एकदा एका युनिव्हर्सिटीच्या खर्चाने इथे भेटत. यंदा भारताकडून पुरुषोत्तमकाका आणि पाकिस्तानकडून कमांडर रिझवी, एवढेच आले होते. अधिकार कुणालाच नव्हता. कच्छजवळच्या खाडीत सरहद्द कुठे, यावर त्यांचं कधी जमलं नाही. भानुदासांना मात्र दोन्ही सरकारांना पाठवायच्या निवेदनात एकच कलम हवं होतं: चुकून पलीकडे गेलेल्या मच्छीमारांना पकडू नये, परतीची वाट दाखवावी. युनिव्हर्सिटीची ग्रँट संपली होती, ही शेवटचीच बैठक. आज सह्या झाल्या नाहीत, तर ते कलम बाबांबरोबरच गेलं असं समजायचं.

"आधी रेषा," पुरुषोत्तमकाका म्हणाले. जन्म नौदलात गेलेला माणूस. "रेषाच नाही, तर चुकून कोण आलं नि मुद्दाम कोण, कळणार कसं?"

"तुमची रेषा आमच्या खाडीत येते, साहेब," समोरून कमांडर रिझवी म्हणाले.

"तुम्ही नकाशा उलटा वाचताय!"

"माझ्यासमोर उलटाच ठेवलाय, तर काय करू?"

तासभर हेच चाललं. बाबा असते तर आल्या आल्या खुर्ची उचलून रिझवींच्या शेजारी जाऊन बसले असते. समोरासमोर बसलं की कुणाचा तरी समुद्र उलटा होतो, असं ते जेवताना सांगत. जागृती उठली आणि खुर्ची ओढत पलीकडे निघाली.

"अगं, तिकडे कुठे?"

"बाबा इथेच बसायचे, काका."

रिझवी सरकले. "बैठो, बेटी. माझी बिस्किटंसुद्धा तेच संपवायचे." त्यांनी बशी तिच्यापुढे केली.

पुरुषोत्तमकाका एकटेच अलीकडे उरले. चष्मा वर-खाली करून पाहिला, मग कण्हत उठले. "सरका जरा. काही दिसत नाही तिथून."

नकाशा बाबांचाच जुना होता; त्यावर त्यांनी पेन्सिलने पाण्याच्या ओढीचे बाण काढले होते. रिझवींनी एकावर बोट ठेवलं. "ओहोटीला इथून बोट ओढली जाते. आमचीही, तुमचीही."

काकांनी बाणावरून बोट फिरवलं. "कलम वेगळं काढा," ते शेवटी म्हणाले. "रेषेवरचं भांडण मी सोडलेलं नाही, हे वरच लिहा."

"मीही नाही," रिझवी म्हणाले.

सह्या झाल्या.

"सरकारं ऐकतील, काका?"

"आमचं कोण ऐकतंय!"

हॉटेलचा माणूस खुर्च्या जागेवर लावायला आला. शेजारी दोघं पुन्हा त्याच खाडीवरून जुंपले होते. जागृतीने त्याला जरा थांबायला सांगितलं आणि बशीतलं बिस्किट उचललं. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.