कॅमेरा कोणाच्या ताब्यात होता?

शिवणवाल्या मावशींच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं, कापडाचे गठ्ठे पलंगाखाली कोंबलेले, आणि जिन्यापर्यंत माणसंच माणसं. मी शिवायला टाकलेला कुर्ता न्यायला आले होते, ती दारातच अडकले. मधोमध वस्तीतल्या मठाचे नेत्रमहाराज डोळे मिटून बसले होते. समोर मावशींचा कॉम्प्युटर, त्याच्या माथ्यावर छोटा वेबकॅम.

"काल दुपारी," महाराज म्हणाले, "दार लावून तू निळा सदरा छातीशी धरलास. रडलीस. खरं की खोटं?"

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. "खरं, महाराज. पण घरात कुणीच नव्हतं हो!"

गर्दीने भराभर हात जोडले.

तो सदरा मावशी आपल्या भावासाठी शिवत होत्या. भाऊ दूरच्या शहरात, इस्पितळात. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज गेला होता. रोज चार वाजता नर्स त्याच्यासमोर फोन धरायची. मावशींना तो कॉम्प्युटरवर दिसायचा. त्याला मात्र नुसता काळा चौकोन. तो कागदावर लिहून दाखवायचा, 'ताई, तोंड दाखव.'

"तुझ्या आईचा आत्मा कॅमेऱ्याच्या या डोळ्यावर बसलाय," महाराजांनी निदान केलं. "सूक्ष्म लहरी तुंबल्यात. एकवीस दिवस अंगारा! तोवर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तोंड दाखवलंस तर रोग्यावर उलटेल. मग मला बोल लावायचा नाही!"

शिष्याने कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी अंगाऱ्याचा जाड, ओला ठिपका लावला. याच शिष्याने वस्तीत घरोघरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, बसवून दिली होती. सेवा म्हणून, फुकट.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत 'तुंबलेल्या लहरीं'ची नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले.

सतराव्या दिवशी भाऊ गेला.

भेटायला गेले तेव्हा मावशी मशीनपाशी बसल्या होत्या. "चारच दिवस राहिले होते गं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

ते ऐकवेना. मी कॉम्प्युटर लावला. कॅमेरा उघडायला गेले, तर पडद्यावर उत्तर आलं: कॅमेरा आधीच वापरात आहे. कोण वापरतंय? एक ओळ टाइप करून विचारलं. एका प्रोग्रॅमचं नाव आलं. कॉम्प्युटर सुरू झाला की तो गुपचूप सुरू व्हायचा, कॅमेरा ताब्यात घ्यायचा, खोलीचं चित्रण करून इंटरनेटवरून बाहेर पाठवायचा. कॅमेरा एकाच्या हातात असला की दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून काळा चौकोन.

नखाने अंगारा खरवडला. खाली इवलासा हिरवा दिवा जळत होता.

"हा दिवा कॅमेरा चालू असेल तेव्हाच लागतो, मावशी."

"म्हणजे डोळा बंद नव्हता?"

"सताड उघडा होता. महाराजांसाठी."

तो प्रोग्रॅम बंद केला. कॅमेरा पुन्हा उघडला. पडद्यावर मावशींचा चेहरा आला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"किती वेळ लागला गं तुला?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले. मान वर करवली नाही.

शेजाऱ्यांना बोलावून सगळं दाखवलं. कॉम्प्युटरवर साठून राहिलेल्या चित्रणात तो निळा सदराही होता. शिष्याने लिनक्स बसवलेल्या आणखी सहा घरांत तोच प्रोग्रॅम निघाला. पोलीस मठात पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. आणि तरीही औषधाच्या दुकानातले काका जिना उतरताना म्हणाले, "पण एकवीस दिवस पुरे झाले असते, तर?" दोघातिघांनी मान डोलावली.

महाराजांना मी शिव्या देईनच. पण ते आणि मावशी यांच्यामध्ये मी उभी होते, हे थोतांड आहे हे कळत असून. अडाणी म्हणून हसणं सोपं असतं, शेजारी बसून समजावणं कंटाळवाणं. म्हणून सांगते: बंद दारामागचं कुणी अचूक सांगितलं, तर त्याला ते कळलं कसं, एवढं विचारा. उत्तर माहीत असेल, तर हसत घरी जाऊ नका. आत या, बसा, आणि त्याच दिवशी सांगा.