बैलाच्या जोडीला ब्रूनो

ब्रूनोनं मला पाडलं ते जानेवारीच्या सुरुवातीला, शेजारच्या राहीबाईच्या वालाच्या शेतात. तिची एक कोंबडी बांधावरून तुरुतुरु चालली होती. ब्रूनोनं तिला पाहिलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. दोरी मी मनगटाला गुंडाळून घेतली होती, हा शहाणपणा माझाच. एकीकडे दीड वर्षाचा, बत्तीस किलोचा, खाऊनपिऊन माजलेला लॅब्रॅडॉर आणि दुसरीकडे साठी ओलांडलेली निवृत्त मास्तरीण. कोंबडी वाचली. माझं मनगट मोडलं.

महाडच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, आणि संध्याकाळी राजेशचा फोन आला. राजेश माझा मुलगा, कल्याणला असतो. ब्रूनो मुळात त्याचा. घरात तान्हं बाळ आलं, जागा पुरेना, म्हणून गेल्या गणपतीत त्यानं कुत्रा आमच्या वाडीवर आणून सोडला होता. आमची वाडी वरंधच्या अलीकडे, फाट्यापासून एक किलोमीटर आत.

"आई, बस झालं आता," तो म्हणाला. "शिमग्याला येतोय ना, तेव्हा त्याला घेऊनच जातो. माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिथं वॉचमन असतो."

"वॉचमन काय करणार त्याचं?"

"बांधून ठेवील. सेफ राहील एकदम."

मला राग आला, आणि रागामागून रडू आलं. ते मी फोनवर कळू दिलं नाही. आमचे हे, कुशाबा, दिवसाला वीस शब्द बोलतात, त्यातले पंधरा बैलांशी. निवृत्त झाल्यापासून माझं ऐकायला घरात कुणी उरलंच नव्हतं. ब्रूनो मात्र मी बोलायला लागले की समोर बसतो, मान वाकडी करतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. तीस वर्षांच्या नोकरीत असा एक विद्यार्थी मिळाला नाही मला. आणि त्याला म्हणे साखळीला बांधून ठेवणार! मी राजेशला सांगितलं, "शिमग्याला तू फाट्यावर उतरशील, तेव्हा मी त्याला घेऊन तिथं येईन. त्यानं मला ओढलं तर खुशाल ने. नाही ओढलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आई, हात मोडलाय तुझा."

"तोंड शाबूत आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हात गळ्यात अडकवलेला, म्हणजे शिकवायचं काम ह्यांच्याकडे आलं. तसे हे त्या कामात नावाजलेले. आता ठिकठिकाणी पॉवर टिलर आलेत, पण डोंगरउतारावरच्या खाचरांत अजून बैल लागतात, आणि नवा खोंड नांगराला लावायचा तर लोक पार उमरठहून ह्यांना बोलवायला येतात. ब्रूनोकडे एक नजर टाकून हे म्हणाले, "कुत्रा झाला म्हून काय झालं? चार पायाचंच जनावर हाय. पंधरा दिसांत सरळ करतो."

गळ्याला काचतं म्हणून ह्यांनी जुन्या गोधडीची घडी शिवून त्याच्या छातीला पट्टा केला. रोज सकाळी दोर धरून हे मागे आणि ब्रूनो पुढे, अशी वरात निघायची. पंधरा दिवसांचा महिना झाला. कुत्रा सरळ व्हायचं राहिलं बाजूला, तो दिवसेंदिवस दांडगा होत चालला. एकदा तर त्यानं ह्यांना देवळाची अख्खी चढण धावत चढायला लावली. देवळापाशी आमचा शेजारी भिकू बसला होता. तो म्हणाला, "काका, यंदा कुत्र्याचं जोत घालताव काय?" हे धापा टाकत तसेच ब्रूनोमागून पुढे ओढले गेले.

मग एक दिवस मी ओट्यावर बसून मुद्दाम लक्ष दिलं. ब्रूनोनं छाती पुढे घातली, दोर ताणला गेला, आणि ह्यांच्या तोंडातून खणखणीत आवाज निघाला, "हां, शाब्बास रं वाघा! आस्सं!" ब्रूनो शेपूट हलवत आणखी जोरात ओढायला लागला.

"अहो!" मी ओरडले. "तुम्ही त्याला ओढायला शिकवताय!"

हे थांबले. हातातल्या दोराकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"आयला," हे म्हणाले. "दोर ताणला का त्वांडातनं निघतंच गो. चाळीस वर्सांची सवय."

खोंडाला ओढायचं शिकवायचं असतं, कुत्र्याला न ओढायचं. एवढी साधी गोष्ट ह्यांच्या लक्षात यायला महिना जावा लागला, आणि माझ्याही. मी आधी हसले. मग महिना फुकट गेला हे ध्यानात आलं आणि मी नको नको ते बोलले. बैलांत राहून माणूस बैलच होतो, असंही बोलले. ह्यांनी रात्री एकच भाकरी खाल्ली. मला वाईट वाटलं, पण माफी मागायची सवय मला नाही.

सकाळी ह्यांनीच चहा आणून दिला.

"खोंडाला थांबायला मी नाय शिकवीत," हे म्हणाले. "त्ये त्याच्या जोडीचा बैल शिकवतो. नवा नेहमी म्हाताऱ्याच्या जोडीला जुंपायचा."

आमचा म्हातारा म्हणजे चांद्या. वय चौदा. नांगर कधीच सुटला, आता नदीवर पाण्याला जायचं आणि गोठ्यात रवंथ करत बसायचं एवढंच काम. ह्यांनी त्या दिवशी ब्रूनोची दोरी चांद्याच्या गळ्यातल्या दाव्याला बांधली. माझा जीव टांगणीला लागला. एक लाथ बसली असती तर शिमग्यापर्यंत थांबायलाच नको होतं.

पण चांद्या लाथ मारणाऱ्यातला नव्हे. दोघं निघाले. दहा पावलांवर ब्रूनोला खार दिसली आणि त्यानं झेप घेतली. गळ्याला हिसका बसला तसा चांद्या जागच्या जागी उभा राहिला. गळ्याला हिसका म्हणजे थांबायचं, एवढं त्याला जन्मभराच्या नांगरटीनं शिकवलं होतं. ब्रूनोनं जोर लावला. भुंकला. पाय रोवून रोवून धूळ उडवली. चांद्या उभाच, तोंड हलवत. शेवटी ब्रूनो कंटाळून मागे आला, दोरी सैल पडली, ह्यांनी "चल रं" म्हटलं आणि चांद्या चालू लागला. नदीपर्यंत असं बावीस वेळा झालं. परतताना नऊ वेळा. आठव्या दिवशी दोघं शेजारीशेजारी, दोरीला झोल पडलेला, असे नदीवरून परत आले. ते पाहायला राहीबाई हातातलं काम टाकून बांधावर आली होती.

चांद्या आम्हा दोघांपेक्षा चांगला मास्तर निघाला, कारण त्याला रागच येत नव्हता. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण मी तीस वर्षं वाईट संगतीसाठी शिकवत आले. त्या सगळ्या मुलांची मला आता क्षमा मागावीशी वाटते.

फेब्रुवारीच्या मध्यावर प्लास्टर निघालं आणि चांद्याच्या जागी मी उभी राहिले. म्हणजे बैलच झाले म्हणा ना. ब्रूनोनं ओढलं की थांबायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, समजावून सांगायचं नाही. यातलं शेवटचं मला फार जड गेलं. पहिल्या दिवशी फाट्यापर्यंतच्या एक किलोमीटरला सव्वा तास लागला. येणारे-जाणारे विचारायचे, "बाई, काय हरवलं काय?" मी नुसती मान हलवायची. तीन आठवड्यांनी आम्ही वीस मिनिटांत फाट्यावर जायला लागलो.

शिमग्याला सकाळी अकराच्या एसटीनं राजेश आला. आम्ही रस्त्याच्या अलीकडे आंब्याखाली उभे होतो. तो दारातून उतरला, आणि ब्रूनोनं आपल्या जुन्या मालकाला ओळखलं. गणपतीनंतर तो राजेशला प्रथमच पाहत होता. दोरी अशी ताणली गेली की माझं मनगट कळवळलं. राजेशनंही पलीकडून हाक मारली, "ब्रूनो! कम, कम!" अरे गाढवा, असं मला ओरडायचं होतं. मी ओरडले नाही. थांबले. आता हा गेला, असंच वाटलं.

ब्रूनो पुढच्या दोन पायांवर नाचला, केकाटला. एकदा राजेशकडे पाहिलं, एकदा मागे वळून माझ्याकडे. आणि मग, राजेश समोर हात पसरून उभा असताना, तो चार पावलं मागे येऊन माझ्या पायाशी उभा राहिला. दोरी सैल पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मग आम्ही दोघं सावकाश चालत रस्ता ओलांडून राजेशकडे गेलो.

भेटीगाठी, चाटणं, लाळ, सगळं झाल्यावर राजेश म्हणाला, "तुझ्यासमोर नाटक करतोय तो. दे इकडे, बघू." दोरी घेऊन तो मुंबईच्या चालीनं निघाला. ब्रूनो नदीकडे काहीतरी हुंगत होता. राजेशनं दोरी ओढली आणि ब्रूनो चारी पाय रोवून भर रस्त्यात उभा राहिला. राजेशनं आणखी ओढलं. ब्रूनो शांतपणे दुसरीकडे बघत राहिला.

"आई, हा चालत का नाही?"

"तू ओढतोयस म्हणून. आमच्याकडे ओढलं की थांबतात."

त्यानं दोरी सैल सोडली, ब्रूनो चालला. दहा पावलांवर राजेशला परत घाई सुटली आणि ब्रूनो परत उभा. तिसऱ्या वेळी राजेशला हसू आवरेना. तो हसत हसत माझ्यापर्यंत आला आणि त्यानं दोरीचं टोक माझ्या बऱ्या झालेल्या हातात ठेवलं.

"घे गो आये," तो म्हणाला, "तुझा कुत्रा हाय ह्यो."

आम्ही घरी निघालो. ब्रूनो आणि मी पुढे, आणि राजेश आपल्या पिशव्या घेऊन मागून आमच्या चालीनं.