दंतवैद्याकडून घेतलेली होडी

धक्क्यावर होडी बांधायला जागा मिळावी म्हणून मी सात वर्षं यादीत होतो. तेवढ्या काळात माझी वजनमापं तपासायची नोकरी संपली, गुडघे बोलायला लागले आणि आपल्याला होडी कशासाठी हवी होती हेही मी जवळजवळ विसरलो. तेवढ्यात बंदर कचेरीचं पत्र आलं. एकोणीस नंबरची जागा तुम्हाला मंजूर. तीस दिवसांच्या आत स्वतःच्या नावावरची होडी तिथे बांधावी, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या अर्जदाराला जाईल.

पुढचा अर्जदार म्हणजे माझा मेहुणा.

त्याची होडी तयार होती. नवी कोरी, ट्रेलरवर चढवलेली, वर ताडपत्री. पत्र आलं त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अभिनंदन, भाऊजी. तब्येत कशी आहे?"

सात वर्षांत त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली नव्हती. आता रोज करू लागला.

"त्याला मिळाली जागा तर काय बिघडलं?" बायको म्हणाली. "आपण त्याच्या होडीत बसू."

"मी नाही बसणार."

"का?"

"तो शिकवतो."

हे तिला पटलं. धाकटा भाऊ असून त्याने तिला सायकल शिकवली होती.

चौथ्या दिवशी मला जाहिरात सापडली. बावीस फुटी शिडाची होडी, जुनी, एकाच हाती वापरलेली. मालक निवृत्त दंतवैद्य. धक्क्याजवळ होड्या दुरुस्त करतात त्या आवारात ती चार टेकूंवर उभी होती आणि डॉक्टर शिडी लावून तिच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक करत होते.

"ऐका," ते म्हणाले. टकटक. "ठणठणीत." टकटक. "हीही." मग एक ठिकाण आलं, तिथे आवाज जरा बसका होता. "इथे थोडी कीड आहे. भरून घ्या. दुखणार नाही."

माणूस मला आवडला. व्यवहार तिथेच उरकला, पैसेही दिले.

"मग ताबा?" मी विचारलं.

"देतो की. आज नांगर न्या."

"आणि बाकीचं?"

"एका बैठकीत एकच. सगळं एकदम केलं की माणूस घरी जाऊन सुजतो." त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं, त्यावर पुढची तारीख आणि वेळ लिहिली. "अर्धा तास काही खाऊ नका," असं सवयीने म्हणाले आणि स्वतःच थबकले.

मी त्यांना तीस दिवसांचं सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. पाच दिवसांनी एक बैठक, सहाव्या बैठकीला होडी, म्हणजे एकोणतिसावा दिवस. "एक दिवस उरतोय," ते म्हणाले. "घाई कसली?"

नांगर खांद्यावर घेऊन मी घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं.

"होडी?"

"येतेय."

दुसऱ्या बैठकीला दोर मिळाले. प्रत्येक दोराची माहिती मिळाली, कुठला कधी दगा देतो तेही. तिसऱ्या बैठकीला शिडं मिळाली, ती पलंगाखाली मावेनात म्हणून पलंगावर ठेवली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत झोपू लागलो. चौथ्याला सुकाणू. पाचव्याला डोलकाठी. ती टेम्पोवरून आणली आणि जिन्यातून वर चढवली, तेव्हा तिचं एक टोक आमच्या स्वयंपाकघरात होतं आणि दुसरं शेजाऱ्यांच्या दारात. शेजारी चांगले. त्यांनी त्यांच्या टोकावर टॉवेल वाळत घातला. हिने आमच्या टोकावर.

"एक सांगा," ती चिमटे लावत म्हणाली. "आता होडी आपली झाली का?"

"बरीचशी."

"म्हणजे किती?"

चौतीस वर्षं मी लोकांची खोटी मापं पकडली. याचं माप मला सांगता येईना.

म्हणून बंदर कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं.

"नांगर, दोर, शिडं, सुकाणू, डोलकाठी तुमच्याकडे आहे."

"हो."

"मग डॉक्टरांकडे काय आहे?"

"होडी."

"आणि तुमच्याकडे?"

"होडीचं सगळं."

त्यांनी अर्ज उलटसुलट केला. "यात असा रकाना नाही. 'होडी पूर्णपणे ताब्यात दिली' इथे त्यांची सही, 'पूर्णपणे मिळाली' इथे तुमची. तिसाव्या दिवशी पाच वाजता खिडकी बंद होते. तुमचे मेहुणे आहेत ना ते? रोज येऊन विचारून जातात. फार काळजी आहे हो त्यांना तुमची."

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी एक वाजता मी आवारात हजर. डॉक्टर होडीवर होते, खाली उतरले नाहीत.

"आज होडी," मी खालून म्हणालो.

"आज राहू द्या. उद्या बघू."

"उद्या शेवटचा दिवस आहे, डॉक्टर."

"वर या जरा."

वर गेलो. केबिनमध्ये बसायची फळी होती, तिच्यावर अभ्रा घातलेली उशी, पायाशी घडी केलेलं पांघरूण, एक चहाचा थर्मास आणि पान दुमडलेलं वर्तमानपत्र. होडीत असावं असं तिथे एकही सामान नव्हतं. ते सगळं माझ्या घरी होतं.

"दवाखाना आता मुलगी चालवते," ते म्हणाले. "आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दुपारभर खाली ड्रिल चालतं. चाळीस वर्षं ते मी लोकांच्या तोंडात चालवलं, मला कधी ऐकू आलं नाही. आता उशीतून ऐकू येतं. इथे येतो, एक ते चार झोपतो. पाण्यात गेलो नाही त्याला सहा वर्षं झाली."

"मग विकलीत कशाला?"

"मुलगी म्हणाली, बाबा, वय झालं, विका. बरोबरच होतं तिचं. मला विकायचीच होती. खोटं नाही सांगत." त्यांनी उशीवर हात फिरवला. "फक्त द्यायची नव्हती."

नियमाने होडी माझी होती. मी थर्मासमधला अर्धा कप चहा प्यालो आणि उतरलो.

तिसाव्या दिवशी तीन वाजता क्रेन आली. क्रेनवाल्याने होडीच्या पोटाखालून दोन पट्टे घातले आणि थांबला.

"आत कोणीतरी आहे."

"मालक आहेत," मी म्हणालो.

"मग तुम्ही कोण?"

"मीही."

"हे बघा काका, मी माणसासकट उचलत नाही. त्यांना उतरवा, नाहीतर मी निघालो. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

डॉक्टरांनी केबिनमधून डोकं काढलं. "मालक ते आहेत. उचला."

"कागदावर अजून तुम्हीच आहात," मी म्हणालो.

"तुम्ही दोघं आधी ठरवा," क्रेनवाला म्हणाला आणि बिडी पेटवून बसला.

पावणेचार. चार. बायकोचा फोन आला की भाऊ धक्क्यावर पोचलाय, ट्रेलरसकट, एकोणीस नंबरसमोर. मी शिडीखाली उभा राहिलो. वरच्या म्हाताऱ्या माणसाला ओढून काढणं मला जमणार नव्हतं. सात वर्षांची जागा मेहुण्याला देणंही जमणार नव्हतं. तिसरं काही सुचत नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मी होडी घेतली तर नेणार फक्त सकाळी. दुपारी ती रिकामीच असेल. वारा सकाळीच असतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मेहुणा."

आधी उशी खाली आली, मग पांघरूण, मग थर्मास. शेवटी ते स्वतः उतरले. माझ्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. पेन इतकं हळू फिरलं की मला वाटलं पत्ताही लिहितायत.

क्रेनने होडी पाण्यात सोडली आणि पाचला दहा कमी असताना ती एकोणीस नंबरला बांधली. बाईंनी शिक्का मारला. मेहुण्याने माझा हात हातात घेतला, "वारा सकाळी नसतो, भाऊजी, दुपारी असतो," असं सांगितलं आणि ट्रेलर वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पलंग मोकळा करायला बायको आणि मी एक एक शीड खांद्यावर टाकून धक्क्यावर गेलो. दुपारचा दीड वाजला होता. होडीच्या कडेला एक जोडी चपला नीट लावून ठेवल्या होत्या. केबिनचं दार आतून बंद. आत घोरणं चालू होतं, संथ, समाधानी.

"अहो, उठवा त्यांना," बायको कुजबुजली.

"झोपमोड होईल."

"होडी कुणाची आहे?"

मी खिशातून कागद काढून उन्हात धरला. होडी पूर्णपणे मिळाली, खाली माझी सही, वर शिक्का. पुन्हा वाचला. तरी तेच.

ती शिडाच्या गुंडाळीवर बसली. मीही शेजारी बसलो.

"किती वाजता उठतात?" तिने विचारलं.

"चार म्हणाले होते."

तिने घड्याळ पाहिलं आणि डोक्यावर पदर ओढला. मी दारापर्यंत गेलो, टकटक करायला हात वर केला. आपल्याच होडीचं दार वाजवताना आधी काय म्हणायचं असतं, ते काही केल्या आठवेना. म्हणून परत येऊन बसलो.